सिसिलीत दहा रात्री: पैसे कुठे सोडायचे आणि कुठे जपायचे

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलंय, लग्नाला 25 वर्षं होताहेत, नवरा-बायको आणि सोबत 72 वर्षांच्या सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात, त्या शुद्ध शाकाहारी. सप्टेंबरच्या शेवटी 10 रात्री, विमानासकट 20 लाख. यादीत सँटोरिनी, सिसिली, सार्डिनिया, माल्टा, जमल्यास दोन बेटं एकत्र. "खरीखुरी लक्झरी हवी, टूरसारखी धावपळ नको" असं त्यांनी शेवटी लिहिलंय, आणि मला त्या एका वाक्यावरूनच उत्तर सुरू करावंसं वाटतंय.

ताई, एकच बेट करा आणि ते सिसिली करा. मी बरीच वर्षं लोकांच्या इटलीच्या ट्रिप आखतेय आणि माझं ठाम मत झालंय की लक्झरी ट्रिप बिघडते ती स्वस्त हॉटेलमुळे नाही, तर रोज बॅगा भरण्यामुळे आणि पैसे चुकीच्या जागी गेल्यामुळे. लोक हॉटेलात महागडा स्वीट घेतात, त्यात झोपण्यापुरतेच येतात, आणि स्टेशनवर बॅगा ओढत टॅक्सी शोधत बसतात. तुमच्या बजेटमध्ये पैसा माणसांवर घाला, म्हणजे गाडी चालवणारा, गावं दाखवणारा गाइड, बोटवाला. हॉटेलांपैकी फक्त एकीकडेच हात पूर्ण मोकळा सोडा.

बाकीची तीन बेटं का नाही ते पटकन सांगते. सँटोरिनी सुंदर आहे पण सगळी मजा कड्यावर आहे, हॉटेलच्या रिसेप्शनपासून खोलीपर्यंतच पन्नास-साठ पायऱ्या असू शकतात, सासूबाईंना घेऊन नकोच. शिवाय क्रूझची गर्दी इतकी की ग्रीसने 2025 पासून क्रूझवाल्यांवर वेगळा कर लावलाय. सार्डिनियाचा कोस्टा स्मेराल्डा हा 1960 च्या दशकात आगा खानांनी उभा केलेला यॉटवाल्यांचा किनारा, पाणी अप्रतिम आहे पण तिथे समुद्र सोडून तुम्हाला दहा दिवस फारसं काही करायला नाही. माल्टा सिसिलीहून बोटीने दोन तासांच्या आत येतं म्हणून सगळे जोडायला बघतात. ते जोडलं की दीड-दोन दिवस चढ-उतार आणि चेक-इन-चेक-आउटमध्ये जातात. ते पुढच्या वेळी.

सिसिली किती मोठी आहे याचा अंदाज आपल्याकडे कमी असतो. भूमध्य समुद्रातलं हे सगळ्यात मोठं बेट, जवळपास 25,700 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या साधारण सातपट. त्यामुळे "एका हॉटेलात राहून सगळं बघू" हे होत नाही आणि "रोज नवं गाव" केलं तर जीव जातो. 10 रात्रींना तीन मुक्काम, त्याच्यावर एकही नको. पहिले आग्नेयेकडच्या ओर्तिजियात 3, मग पूर्व किनाऱ्यावरच्या ताओर्मिनात 4, शेवटी वायव्येकडच्या पालेर्मोत 3.

विमानाचं आधी. भारतातून सिसिलीला थेट विमान नाही. मुंबईहून रोम, फ्रँकफर्ट किंवा म्युनिक असं कुठून तरी बदलून जायचं. मुख्य गोष्ट म्हणजे सिसिलीच्या पूर्वेकडच्या कातानियाला उतरायचं आणि परतीचं विमान पालेर्मोहून धरायचं, एकाच बुकिंगमध्ये मल्टी-सिटी टाकून. यात बेटावर मागे फिरायचा जवळपास 200 किलोमीटरचा प्रवास वाचतो. दुसरं, स्वस्त मिळतंय म्हणून शेवटचा तुकडा वेगळ्या लो-कॉस्टवर काढू नका, पहिलं विमान लेट झालं तर पुढचं तिकीट बुडतं आणि कुणी जबाबदारी घेत नाही, बॅगाही पुन्हा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. शेंगेनचं (एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांचं) इमिग्रेशन पहिल्या विमानतळावरच होतं आणि 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपने बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी सिस्टिम सुरू केलीये, रांगा लांबतात. मधे तीन तास तरी ठेवाच. सासूबाईंसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, ती फुकट असते आणि सोबतच्यांनाही रांगेत त्याचा उपयोग होतो.

सप्टेंबरचा शेवट हा तुम्ही उत्तम निवडलाय, ते अजिबात हलवू नका. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत जायची सवय आहे, मे मध्ये हवा छान असते पण समुद्र अजून गार असतो, नुसते पाय बुडवून परत यावं लागतं. जुलै-ऑगस्ट तर नकोच. सिराक्युजजवळच्या फ्लोरिदिया भागात 11 ऑगस्ट 2021 ला 48.8 अंश तापमान नोंदलं गेलं, तो युरोपातला विक्रम आहे. त्यात 15 ऑगस्टच्या फेर्रागोस्तोच्या सुट्टीत सगळी इटली किनाऱ्यावर येते. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना मी सांगते की पावसाची तयारी ठेवा आणि हॉटेल चालू आहे का ते आधी बघा, कारण ताओर्मिनातली बरीच मोठी हॉटेलं नोव्हेंबरच्या आसपास बंद होऊन वसंतात उघडतात. सप्टेंबरच्या शेवटी समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो आणि गर्दी ओसरलेली असते. एखादा दिवस पाऊस लागू शकतो, तेवढं चालतं.

आता मुक्काम. कातानियाला उतरल्यावर थेट ओर्तिजियाला जा, गाडीने तासभर. हे सिराक्युजचं जुनं गाव, पुलांनी जोडलेलं छोटंसं बेट, आणि बरंचसं सपाट, म्हणून मी ते पहिलं ठेवलंय. जेटलॅगमध्ये सासूबाई गाडीशिवाय सकाळी हातात हात धरून समुद्रापर्यंत जाऊन येऊ शकतात. इथे मोठं नावाजलेलं हॉटेल नको, जुन्या वाड्यातलं दहा-बारा खोल्यांचं बुटीक हॉटेल घ्या. मात्र लिफ्ट आहे का आणि ती तुमच्या मजल्यापर्यंत जाते का हे लेखी विचारा, जुन्या इमारतींत लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबते आणि पुढे वीस पायऱ्या असं सर्रास असतं.

ओर्तिजियाच्या कॅथेड्रलपाशी घाई करू नका. समोरून ती नेहमीसारखी बरोक चर्च वाटते, पण उत्तरेच्या बाजूच्या गल्लीत वळलात की भिंतीतून जाडजूड डोरिक खांब अर्धे बाहेर आलेले दिसतात. ते इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या अथेना देवीच्या देवळाचे खांब आहेत. देऊळ पाडलं नाही, खांबांच्या मधल्या फटी भिंतीने बुजवून त्याचंच चर्च केलं. खांबांवरून हात फिरवता येतो, खाचा अजून लागतात. आत गेल्यावर तेच खांब दुसऱ्या बाजूने दिसतात. गाइड इथे घ्या, दोन-तीन तासांचा खाजगी, हा खर्च वाया जात नाही. एक अर्धा दिवस नोतोला जा. 1693 च्या भूकंपात हा सगळा भाग जमीनदोस्त झाला आणि मग गावं नव्याने मधाच्या रंगाच्या दगडात बांधली, त्यातली आठ 2002 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. नोतोचा मुख्य रस्ता सपाट आहे, दुपार उतरल्यावर जा म्हणजे दगडावर ऊन तिरकं पडतं. जवळच्या मोदिका गावचं चॉकलेट तिथेच घ्या, ते साखर न वितळवता करतात म्हणून खाताना दाताखाली साखर लागते.

ताओर्मिना. इथेच सगळ्यांचे पैसे जातात म्हणून नीट वाचा. सगळ्यात नावाजलेली दोन हॉटेलं म्हणजे ग्रीक थिएटरला खेटून असलेलं ग्रँड हॉटेल तिमेओ, आणि सान दोमेनिको पॅलेस, जो जुना डॉमिनिकन मठ होता आणि 2021 पासून फोर सीझन्सकडे आहे. सीझनमध्ये दोन्हीकडे एका खोलीचं भाडं हजार युरोच्या बरंच वर जातं. तुम्हाला दोन खोल्या लागणार, चार रात्री, म्हणजे अर्ध्याहून जास्त बजेट इथेच संपलं. त्यापेक्षा साधारण 400-500 युरोत एटना ज्वालामुखी दिसणाऱ्या गच्चीचं चांगलं चार-पाच तारा हॉटेल घ्या, आणि एका संध्याकाळी तिमेओच्या टेरेसवर बसा. रिझर्वेशन करून जायचं. थिएटर, एटना आणि समुद्र, जे बघायला लोक तिथे राहतात ते तुम्हाला तिथून दिसेल. तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाची संध्याकाळ मी इथेच ठेवेन.

खोली बुक करताना एक शब्द बघा. "व्हिस्टा मारे" म्हणजे सी व्ह्यू, पण त्यापुढे "लातेराले" किंवा "पार्झियाले" असेल तर बाल्कनीच्या कोपऱ्यातून मान वळवून जे दिसेल ते. हॉटेलला स्वतः मेल करा: खोली कुठल्या मजल्यावर, तोंड कुठल्या दिशेला, एटना दिसतो का, रिसेप्शनपासून किती पायऱ्या, आणि सासूबाईंच्या बाथरूममध्ये बाथटबऐवजी जमिनीच्या पातळीवरचा शॉवर आहे का. चांगलं हॉटेल दोन दिवसांत खोलीच्या नंबरासकट उत्तर देतं. गोलमोल उत्तर आलं तर मी ते हॉटेल सोडून देते. (आणि हो, इटलीत बाथरूममध्ये बिडे म्हणजे धुवायचं वेगळं भांडं असतं, आपल्या लोकांची ती एक काळजी मिटते.)

ताओर्मिनाचा कोर्सो उंबेर्तो हा मुख्य रस्ता पायी चालणाऱ्यांचा आहे, सपाटच म्हणा, पण आडव्या गल्ल्या सगळ्या पायऱ्यांच्या. ग्रीक थिएटर चुकवू नका. मूळ ग्रीकांनी बांधलं, रोमनांनी पुन्हा उभारलं, आणि मागच्या भिंतीच्या तुटलेल्या भागातून समोर एटना येतो. सकाळी उघडताच जा, वरच्या रांगांपर्यंत सासूबाईंनी चढायची गरज नाही. खाली समुद्राकडे जायला केबल कार आहे. किनारे मात्र गोट्यांचे आहेत, वाळूचे नाहीत, रबरी तळाचे वॉटर शूज इथूनच घेऊन जा.

बोट नक्की करा. अर्ध्या दिवसाची खाजगी, कप्तानासकट, इझोला बेल्ला हे छोटं बेट आणि आसपासच्या गुहा. साधारण 300-500 युरो धरा. लोकांच्या मोठ्या बोटीतून जाण्यात आणि यात फार फरक पडतो, तुम्हाला हवं तिथे इंजिन बंद करून पोहता येतं, ज्याला पोहायचं नाही तो सावलीत बसतो. किनाऱ्यावरून पाण्यात उतरून चढायची बोट नको, बंदराच्या धक्क्यावरून चढता येईल अशीच ठरवा, सासूबाईंचं वय आधी सांगा.

एटना हा जिवंत ज्वालामुखी आहे, उंची 3,300 मीटरच्या वर आणि ती स्फोटांनी बदलत राहते. 2 जून 2025 ला मोठा उद्रेक झाला तेव्हा वर असलेले पर्यटक पळत खाली आलेले व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. म्हणून वरच्या भागात अधिकृत गाइडशिवाय जायचं नाही आणि त्या दिवशीचा आदेश काय आहे ते विचारूनच निघायचं. राखेमुळे कधी कधी कातानिया विमानतळही काही तास बंद होतो, त्यामुळे परतीचं विमान पालेर्मोहून असणं इथेही कामाला येतं. तुमच्यासाठी सोपं असं करा, गाडीने रिफ्यूजियो सापिएन्झापर्यंत जा, ते जवळपास 1,900 मीटरवर आहे, तिथे सिल्व्हेस्त्रीची जुनी विवरं पार्किंगच्या शेजारीच आहेत, काळ्या राखेत चार पावलं टाकली तरी कळतं आपण कुठे आहोत. दोघांना वर जायचं असेल तर केबल कार 2,500 मीटरपर्यंत नेते. खाली उन्हाळा आणि वर गार वारा, जाकीट हवंच. मग उत्तर उतारावर लिंग्वाग्लोसा-रांदाझ्झो बाजूला एखाद्या वायनरीत जेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे द्राक्षांची काढणी चालू असते, उंचीमुळे एटनावर ती उशिरा होते. वाईन न घेणाऱ्यांना ते ऑलिव्ह ऑइल, भाज्या, चीज, ब्रेड असं छान वाढतात, फक्त आधी कळवायचं.

ताओर्मिना ते पालेर्मो हा दिवस नुसता प्रवासात घालवू नका, वाटेत पियाझ्झा आर्मेरिनाजवळची व्हिल्ला रोमाना देल कासाले बघा. चौथ्या शतकातला रोमन श्रीमंताचा वाडा, जवळपास 3,500 चौरस मीटर मोझेक, म्हणजे रंगीत तुकड्यांची चित्रं, जमिनीवर. शिकारीच्या चित्रांच्या लांब गल्लीच्या एका टोकाला एका बाईचं चित्र आहे, हातात हस्तिदंत, शेजारी हत्ती आणि वाघ, काही अभ्यासक तिला भारताचं प्रतीक मानतात. गाइडला ती दाखवायला मुद्दाम सांगा, एरवी सगळे बिकिनी घातलेल्या मुलींच्या मोझेकपाशी गर्दी करतात आणि हे टोक राहून जातं.

पालेर्मोत मात्र हात मोकळा सोडा. व्हिल्ला इजिया हे समुद्राकाठचं जुनं हॉटेल, फ्लोरिओ घराण्यासाठी एर्नेस्तो बाझिलेने घडवलेलं, ताओर्मिनातल्या त्या दोघांपेक्षा भाडं बरंच कमी असतं आणि ऐट कुठेही कमी नाही. सगळी पळापळ संपल्यावर शेवटच्या तीन रात्री असं हॉटेल मिळालं तर तुम्ही त्यात खरोखर राहता, सकाळी पूलपाशी, दुपारी झोप. बघायचं फक्त दोनच: राजवाड्यातलं कापेल्ला पालातीना, जिथे नॉर्मन राजा रॉजर दुसरा याच्या काळात बायझंटाईन पद्धतीची सोन्याची मोझेकं आणि अरब कारागिरांचं लाकडी छत एकाच खोलीत आलंय, आणि मोनरेआलेचं कॅथेड्रल. दोन्ही ठिकाणी खांदे झाकलेले हवेत.

जेवणाची काळजी तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलीये, पण शाकाहारी माणसाची सिसिलीत इटलीतल्या बऱ्याच भागांपेक्षा छान सोय होते. पास्ता आल्ला नोर्मा म्हणजे वांगं, टोमॅटो आणि खारवलेला रिकोट्टा. कापोनाता ही वांग्याची आंबट-गोड भाजी. पालेर्मोत पानेल्ले मिळतात, चण्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, सासूबाईंना पहिल्या घासात ओळखीच्या वाटतील. सकाळी बदामाचा ग्रानीता, म्हणजे बर्फाचा गोळ्यासारखा गारवा. पण फसायच्या जागाही आहेत: आरान्चिनी म्हणजे भाताचे तळलेले गोळे बहुतेक वेळा खिम्याचे, आणि "लोण्याचे" म्हणतात त्यात हॅम असू शकतं. स्फिंचोने पिझ्झासारखा दिसतो पण त्यात अँचोव्ही मासे असतात. कान्नोलीच्या (रिकोट्टा भरलेल्या गोड नळ्यांच्या) कवचात किंवा तळणात डुकराची चरबी वापरतात कधी कधी, ब्रिओश या मऊ पावात अंडं असतं, पार्मेझान चीजमध्ये वासराचं रेनेट म्हणजे पोटातलं विरजण असतं. सासूबाई किती काटेकोर आहेत ते तुम्हीच ठरवा. हॉटेलात फक्त "व्हेजिटेरियन" सांगून थांबू नका, "सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा अच्चूगे, सेंत्सा ब्रोदो दि कार्ने" असं कागदावर लिहून द्या, म्हणजे मांस, मासे, अँचोव्ही आणि मांसाचा रस्सा नको. रात्रीचं जेवण साडेसात-आठच्या आधी कुठे मिळत नाही आणि दुपारी तीननंतर किचन बंद, तेव्हा सातला जेवणाऱ्या माणसासाठी दुपारचं जेवण मोठं करा आणि खोलीत फळं-दही आणून ठेवा. नवरात्र त्यात आलं तरी अंजीर, द्राक्षं, बदाम, पिस्ते, उकडलेले बटाटे यावर उपवास आरामात होतो.

गाडी स्वतः चालवू नका. इंटरनॅशनल परमिट काढून चालवता येते, पण जुन्या गावांमध्ये झेडटीएल म्हणजे परवानगीशिवाय गाडी न नेण्याचे भाग असतात, कॅमेरा फोटो काढतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो. त्यापेक्षा ड्रायव्हरसकट व्हॅन, इटलीत त्याला एनसीसी म्हणतात, आठ तासांचे साधारण 500-700 युरो. रोज नको, फक्त पाच दिवस: विमानतळ ते ओर्तिजिया, नोतो, ओर्तिजिया ते ताओर्मिना, एटना, आणि पालेर्मोचा लांब दिवस. गावात असताना पायी आणि टॅक्सी.

व्हिल्ला भाड्याने घ्यावा का असंही तुम्ही विचारलंय. तिघांसाठी नको. तो बहुतेक शनिवार ते शनिवार मिळतो, गावाबाहेर असतो, नाश्ता तुम्हीच करायचा. आठ-दहा जणांचं कुटुंब असेल तर जरूर घ्या, पण जाहिरातीत सीआयएन नंबर, म्हणजे भाड्याच्या घराचा सरकारी नोंदणी क्रमांक, आहे का बघा, 2025 पासून तो इटलीत सक्तीचा आहे, नंबर नसेल तर पैसे पाठवू नका.

हिशेब, युरो 100 रुपये धरून आणि सगळा अंदाजे: विमान तिघांचं 3 लाख, हॉटेलं दोन खोल्यांची ओर्तिजिया पावणेदोन, ताओर्मिना 4, पालेर्मो सव्वाचार, मिळून 10. गाडी 3, जेवण 2, गाइड-बोट-तिकिटं दीड. राहिलेल्या पन्नास हजारांत व्हिसा आणि इन्शुरन्स. युरो वर गेला तर ताओर्मिनाची एक रात्र कमी करून ओर्तिजियाला द्या, पालेर्मोला हात लावू नका. टूर ऑपरेटरकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस म्हणजे आगाऊ आयकर कापला जातो, तो खर्च नाही, रिटर्न भरताना क्रेडिट मिळतं, पण पैसे तेवढे अडकतात म्हणून आधीच विचारा. हॉटेलात प्रत्येकी रोजचा काही युरो सिटी टॅक्स वेगळा द्यावा लागतो.

व्हिसा इटलीचाच काढा, सगळ्या रात्री तिथेच आहेत. फी मोठ्यांना 90 युरो, वर सेंटरचा चार्ज. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटची मारामारी असते म्हणून तुम्ही मे-जूनमध्येच टाका. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो, सासूबाईंचा जरा मोठा घ्या आणि गुडघे-बीपी जे असेल ते लपवू नका, नाहीतर क्लेम अडतो. हॉटेलं आत्ता फुकट रद्द करता येतील अशा दरात धरून ठेवा, व्हिसा आल्यावर मग नॉन-रिफंडेबल दर स्वस्त वाटला तर बदला. बोट आणि ड्रायव्हर तीन महिने आधी पुरेत. सासूबाई सलग किती पायऱ्या चढू शकतात तो आकडा मला कळवा, ताओर्मिनातलं हॉटेल त्यावरच ठरवावं लागेल.